गेमच्या सीड्या विकताना: क्यूआर स्कॅन करू नका, कन्सोल आधी विकू नका

वाचकाचं पत्र: "मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. जाताना म्हणाला, आई, गेम सगळे विकून टाक, आता वेळ नाही. घरात पीएस४ (प्लेस्टेशन ४) आहे, त्याच्या सोळा सीड्या, जुन्या एक्सबॉक्स ३६०च्या सात (तो एक्सबॉक्स कधीचाच बंद पडलाय), कॉम्प्युटर गेमच्या पाच आणि स्विचच्या नखाएवढ्या दोन चिप. ओएलएक्सवर सगळ्यांचा मिळून एक फोटो टाकला. तासाभरात एकानं सांगितलं, 'मी आर्मीत आहे, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.' शंका आली म्हणून थांबले. दुसरा एकजण पीएस४ धरून सगळ्याचे सहा हजार देतो, आज संध्याकाळीच घेऊन जातो म्हणतोय. देऊन टाकू का? मला यातलं काही कळत नाही." (एक वाचक, जुळे सोलापूर)

ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. आधी त्या क्यूआरचंच बोलू, कारण तो माणूस उद्या दुसऱ्या नावानं परत येणार आहे.

यूपीआयवर पैसे घ्यायला आपल्याला काहीच करावं लागत नाही. स्कॅन नाही, पिन नाही, कुठलं बटण दाबणं नाही. क्यूआरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात पैसे कुणाला जाणार हे भरलेलं असतं, कधीकधी रक्कमही. तो स्कॅन केला की मोबाइलवर समोरच्याचं नाव येतं, खाली पैसे भरायचं बटण येतं, आणि शेवटी पिन मागितला जातो. पिन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे काढायला दिलेली सही. एका माणसानं दुसऱ्याला 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे पैसे मागणारा मेसेज, पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली, पण क्यूआरचा डाव राहिलाच. ही मंडळी आधी एक-दोन रुपये खरंच पाठवतात, विश्वास बसावा म्हणून. मग म्हणतात, आता पूर्ण रकमेचा कोड पाठवतो. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतात, ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे ते भाव करत नाहीत. डिस्क न बघता, एकही प्रश्न न विचारता, सांगितलेल्या किमतीला जो तयार होतो त्याला ब्लॉक करा. सोलापुरात जुनी वस्तू घासाघीस न करता कुणी घेत नाही.

याच घराण्यातले आणखी तीन प्रकार लक्षात ठेवा. एक, पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅपही आहेत, म्हणून समोरच्याच्या मोबाइलवर हिरवी खूण दिसली तरी ती बघायची नाही, आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली बघायची. दोन, 'चुकून १,२००च्या जागी १२,००० गेले, बाकीचे परत करा' असा फोन, सोबत बँकेसारखा दिसणारा मेसेज. तो मेसेज त्यानंच पाठवलेला असतो. तीन, 'कुरिअरवाला येईल, या लिंकवर बँकेची माहिती भरा' किंवा एखादं अ‍ॅप उतरवून घ्यायचा आग्रह. कधी चूक झालीच तर लाजत बसू नका. त्याच मिनिटाला १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर अडवून धरता येतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते बहुतेक निघून गेलेले असतात.

आता सहा हजारवाला. तो फसवणारा नसेलही, पण देऊ नका. असा माणूस मोजतो फक्त कन्सोलची, म्हणजे पीएस४ या यंत्राची किंमत, तीही पडती. सोळा डिस्क त्याला वर बोनस. त्याहून मोठं कारण म्हणजे कन्सोल गेला की सीड्या चालतात हे दाखवायचं साधनच गेलं. घाईत बरेचजण आधी कन्सोल विकतात, कारण त्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं, आणि मग उरलेल्या डिस्क 'चालते की नाही माहीत नाही' म्हणत निम्म्या भावात काढतात. म्हणून क्रम हा: आधी डिस्क, मग कन्सोल.

दुपारी जेवणं झाली की सगळा माल चटईवर मांडा आणि चार ढीग करा.

कॉम्प्युटरच्या पाच सीड्यांचा ढीग उचलून बाजूला ठेवा. त्या डब्यांत एक कोड असतो, तो एकदा मुलाच्या अकाउंटवर टाकला की संपला. दुसऱ्याला नुसत्या डिस्कचा उपयोग नाही. त्या विकायला काढल्या तर घेणारा दोन दिवसांनी पैसे मागत येईल, आणि तेव्हा त्याचंच बरोबर असेल.

एक्सबॉक्स ३६०च्या सातांत आधी ओरिजिनल कुठल्या ते बघा. त्या काळात आपल्याकडे कॉपी केलेल्या डिस्क सर्रास मिळायच्या. ओरिजिनल डिस्कच्या चित्राच्या बाजूला चकाकणारं होलोग्रामसारखं काम असतं आणि खालची बाजू रुपेरी असते. घरात राइट केलेली डिस्क खालून जांभळट दिसते, आणि जिथपर्यंत लिहिलंय तिथे रंगाची हद्द दिसते. अशा कॉपी विकू नका, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तो गुन्हा आहे. ओरिजिनलमध्ये कंपासनं काढल्यासारखा गोल खोल ओरखडा दिसला तर ती डिस्क मेली म्हणून समजा. डिस्क फिरत असताना एक्सबॉक्स हलवला की आतला लेन्सचा भाग घासून तसा चर पडतो. उरलेल्यांचा वेगवेगळा भाव करत बसू नका. एक्सबॉक्स ३६०चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं, त्यामुळे ज्यांचा जुना एक्सबॉक्स अजून चालतो त्यांना डिस्क हव्या असतात, पण अशी माणसं थोडी. सगळ्यांचा एक गठ्ठा करा आणि 'तपासलेल्या नाहीत' असं स्पष्ट लिहून मिळेल त्या भावात द्या. वेळ घालवायची जागा ही नाही.

स्विचच्या दोन चिप मात्र जपून ठेवा. आकारानं फसू नका, या सगळ्या मालात भाव धरून राहणारी गोष्ट तीच आहे. स्विच हे गेमयंत्र बनवणारी निन्टेन्डो स्वतःच्या गेमच्या किमती फारशा उतरवत नाही आणि स्विच आपल्याकडे बहुतेक बाहेरून आयात होऊनच येतो, म्हणून जुनी चिपही चांगल्या किमतीला जाते. चिप कुठल्याही देशातली असली तरी सहसा चालते. सोनेरी टोकांना बोट लावू नका, धूळ असेल तर कोरड्या इअरबडनं पुसा. तिला मुद्दाम फार कडू लेप दिलेला असतो, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. हाताळून झाल्यावर तोंडाला हात लागला तर घाबरू नका. मूळ डबी असेल तर तिच्यासकटच विका, कारण डबी नसली की गिऱ्हाईक आधी चोरीचा संशय घेतं.

राहिल्या पीएस४च्या सोळा. खरा पैसा इथे आहे, म्हणून वेळही इथेच द्या.

प्रत्येक डबी उघडा. डिस्क उचलताना कडेनं ओढायची नाही. मधलं बटण अंगठ्यानं दाबलं की ती सुटते. ओढून काढलेल्या डिस्कला मधल्या भोकाजवळ केसासारखी चीर पडते आणि वेगानं फिरताना ती वाढत जाते. चीर असलेली डिस्क विकू नका, फुकटही देऊ नका, ती दुसऱ्याच्या कन्सोलमध्ये तुटू शकते. मग खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि डिस्कची चकचकीत बाजू तिरकी धरा. सरळ उजेडात स्वच्छ दिसणारी डिस्क तिरक्या उजेडात खरं बोलते. बारीक, नखाला न लागणाऱ्या रेषा असल्या तर काही बिघडत नाही. नख फिरवल्यावर अडकणारी रेष वाईट. त्यातही मधून कडेकडे जाणारी रेष त्यातल्या त्यात बरी, गोलाकार जाणारी जास्त घातक. माहिती गोल ओळीत लिहिलेली असते. मधून कडेकडे जाणारी रेष प्रत्येक ओळीतला छोटा तुकडा तोडते आणि तेवढं कन्सोल भरून काढतो. गोल रेष एकाच ओळीतला लांबलचक भाग खाते, तो भरून येत नाही.

बोटांचे डाग असतील तर चष्म्याच्या मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. सोलापुरी टॉवेल अंगाला कितीही चांगला, डिस्कला नको. त्याच्या दोऱ्यांत अडकलेला धुळीचा एक कण पुरतो. टूथपेस्ट, खोबरेल, थिनर, सॅनिटायझर यांतलं काही लावू नका. जुन्या सीडी-डीव्हीडीवरचे ओरखडे पॉलिश करून घालवायचे ती गोष्ट वेगळी. पीएस४ची डिस्क ब्लू-रे आहे, तिच्यात माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत. वरती कडक संरक्षक लेप असतो म्हणून ब्लू-रेला सहसा ओरखडे पडत नाहीत, पण घासत बसलात तर तो लेपच जातो.

यानंतर चालवून बघायचं. इथे एक चूक सगळे करतात. गेम आधीपासून कन्सोलवर असतो, डिस्क घातली की सुरू होतो, आणि लोक म्हणतात डिस्क चांगली आहे. तसं नाही. इन्स्टॉल झालेला गेम हार्ड डिस्कवरून चालतो; डिस्क फक्त 'मालक हाच आहे' हे पटवण्यापुरती वाचली जाते. म्हणून आधी कन्सोलवरचा गेम डिलीट करा. (मुलाचा खेळलेला भाग, म्हणजे सेव्ह, वेगळा राहतो, तो जात नाही. ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, त्याच्या अकाउंटवर असतात.) घरातलं वायफाय बंद करा, नाहीतर कन्सोल अपडेट उतरवत बसेल. मग डिस्क घालून पूर्ण इन्स्टॉल होऊ द्या. मोठ्या गेमला अर्धा तास ते तास लागतो. शेवटपर्यंत न अडकता झाला तर डिस्क पूर्ण वाचली गेली, यापेक्षा चांगली परीक्षा घरी होत नाही. मधेच डिस्क वाचता येत नाही असा संदेश आला तर एकदा पुसून पुन्हा करा. पुन्हा तेच झालं तर ती बाजूला. सोळा डिस्क म्हणजे दोन दिवसांचं काम, पण बसून राहावं लागत नाही. स्वयंपाक करता करता एकेक घालत जा. प्रत्येक गेम सुरू झाल्यावर टीव्हीसमोर त्याची डबी आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून एक फोटो काढा. हा फोटो जाहिरातीत सगळ्यात जास्त कामाला येतो.

दोन डिस्कचे गेम जपा. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि द लास्ट ऑफ अस पार्ट २ पीएस४वर दोन डिस्कचे आहेत, एक डेटाची आणि एक खेळायची. डेटाची डिस्क एकदाच लागते, म्हणून ती भलत्याच डबीत राहून जाते. सोळाही डब्या उघडून डिस्क आणि डबीचं नाव जुळतंय ना हे बघा.

आता भाव. डबीवर छापलेली किंमत विसरा. दोन आकडे शोधायचे: तीच नवी डिस्क आज शॉपिंग साइटवर कितीला आहे, आणि प्लेस्टेशन स्टोअर या पीएस४च्या ऑनलाइन दुकानात तोच गेम डिजिटल कितीला आहे. जो आकडा कमी ती तुमची वरची मर्यादा. त्याच्या साठ-पासष्ट टक्के मागा, पन्नास-पंचावन्न टक्क्यांना सोडा. डबी फुटकी असेल तर आणखी शंभर-दीडशे कमी. समजा नवी डिस्क १,९९९ला आहे आणि स्टोअरवर सेल नाही. मग जाहिरातीत १,३०० लिहा, ११००ला द्या, हजाराच्या खाली जाऊ नका. स्टोअरवर सेल लागला की तोच गेम अचानक पाच-सहाशेला दिसतो आणि तुमचं गिऱ्हाईक गायब होतं. सेल कायमचा नसतो, संपेपर्यंत भाव पाडायची घाई करू नका. एखादा गेम पीएस प्लसच्या वर्गणीत आला तरीही त्या महिन्यात मागणी बसते.

मुलाच्या डिस्कांत फिफा (फुटबॉलचे गेम) असतील तर त्या आजच्या आज काढा. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमाराला नवी आवृत्ती येते आणि जुनीला कुणी विचारत नाही. त्यातून २०२३मध्ये त्या मालिकेचं नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालं, त्यामुळे 'फिफा' लिहिलेली प्रत्येक डिस्क आता जुनीच धरली जाते. दोन-तीन असतील तर वेगळ्या विकत बसू नका, दुसऱ्या गेमसोबत वर द्या. जीटीए फाइव्ह मात्र वर्षानुवर्षं विकला जातो. डबीत कागदी नकाशा असेल तर फोटोत दाखवा. गोष्ट असलेले मोठे गेम हळूहळू उतरतात, त्यांना दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही. सगळ्यांना एकच नियम लावला की नुकसान होतं: फिफासाठी थांबलात तरी तोटा आणि रेड डेड घाईत दिलात तरी तोटा.

जाहिरात गेमागणिक वेगळी टाका. एकाच फोटोत सोळा डिस्क टाकल्या की शोधणाऱ्याला त्या सापडतच नाहीत आणि ज्याला सापडतात तो गठ्ठ्याचाच भाव करतो. शीर्षकात गेमचं नाव डबीवर जसं छापलंय तसं इंग्रजीत, पुढे पीएस४, आणि पुढे 'सीडी' हा शब्दही घाला. डिस्क म्हणणारे थोडे, शोधताना सगळे सीडीच टाइप करतात. खाली एवढं लिहा: "ओरिजिनल डिस्क, डबीसह. पूर्ण इन्स्टॉल करून तपासली आहे, फोटो सोबत. किरकोळ रेषा, फोटोत दिसतात. पीएस५लाही चालते, पण डिस्क ड्राइव्ह असलेल्या. एक्सचेंज नाही. १,३००, थोडं कमी-जास्त." पीएस५चं वाक्य महत्त्वाचं आहे. डिजिटल पीएस५ घेतलेली मुलं उत्साहात डिस्क नेतात आणि घरी गेल्यावर कळतं, घालायला जागाच नाही. ते भांडण आपल्या दारात नको.

फोटो चार पुरेत: डबी पुढून, डबी मागून, डिस्कची चकचकीत बाजू तिरक्या उजेडात, आणि टीव्हीवर चालू गेम. ओरखडा लपवू नका. दाखवलेला ओरखडा पन्नास रुपये कमी करतो, लपवलेला ओरखडा पूर्ण पैसे परत मागायला लावतो. फोन नंबर जाहिरातीत दाखवू नका, अ‍ॅपच्या चॅटवरच बोला. तीच जाहिरात फेसबुक मार्केटप्लेसवरही टाका. जुने गेम विकत घेणाऱ्या वेबसाइट आहेत, त्या झटपट घेतात, पण त्यांना पुढे नफा ठेवून विकायचं असतं, म्हणून त्यांचा भाव तुमच्या मनाच्या बराच खाली येईल. उरलासुरला माल तिकडे द्यायला ठीक.

'लास्ट किती?' असा दोन शब्दांचा मेसेज दिवसातून दहादा येईल. त्याला आकडा देऊ नका. "१,३०० लिहिलेत, तुम्ही कुठून घ्यायला येणार?" असं विचारा. खरा घेणारा जागा आणि वेळ सांगतो, बाकीचे गप्प होतात. कुणी 'अकाउंट विकणार का, डिजिटल गेम आहेत का' असं विचारेल. मुलाचं प्लेस्टेशन अकाउंट विकू नका. नियमांत ते बसत नाही, आणि त्याचा ईमेल आणि खरेदीची माहिती त्यात आहे.

आता या सगळ्यातली तुमची सगळ्यात मोठी सोय, जी तुमच्या पत्रातच आहे: मुलगा पुण्यात आहे. सोलापुरात पीएस४वाले आहेत, पण पुण्यात त्यांच्या कितीतरी पट. चांगल्या पाच-सहा डिस्क आणि स्विचच्या दोन चिप, तपासून आणि फोटो काढून, तो पुढच्या वेळी घरी आला की त्याच्याबरोबर हुतात्मा एक्सप्रेसनं पाठवा. जाहिरात त्यानं त्याच्या मोबाइलवरून, पुण्याचं ठिकाण टाकून द्यावी. कॉलेजच्या आसपास समोरासमोर व्यवहार होतात, कुरिअर नाही, वाट बघणं नाही. मधल्या किमतीचा माल तुम्ही सोलापुरात विका. विजयपूर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवकडूनही विचारणा येईल, म्हणून जाहिरातीत हिंदीतली एक ओळ असू द्या.

समोरासमोर देताना घरी बोलवू नका. दिवसा, सात रस्ता किंवा पार्क चौकासारख्या वर्दळीच्या जागी, कॅमेरा असलेल्या दुकानासमोर, घरातलं कुणीतरी सोबत घेऊन. तिथे टीव्ही नाही, मग तो तपासणार कसा? त्याला टॉर्च लावून डिस्क बघू द्या, तुमचा वर्तमानपत्राचा फोटो दाखवा, आणि दोन दिवसांची मुदत द्या: डिस्क वाचली नाही तर व्हिडिओ पाठव, पैसे परत. या एका वाक्यानं घासाघीस निम्मी होते. पण त्याआधी स्वतःची काळजी घ्या. डिस्कच्या मधल्या कड्यावर बारीक अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात, त्यांचा आणि ओरखड्यांचा जवळून फोटो काढून ठेवा. कोरलेला आकडा एका खेपेतल्या अनेक डिस्कवर सारखा असू शकतो, पण ओरखडे सारखे नसतात. स्वतःची खराब डिस्क आणून 'हीच तुमची' म्हणणारे असतात. फोटो असला की बोलणं तिथेच संपतं.

मे महिन्यात देवघेव असेल तर डिस्क स्कूटीच्या डिकीत ठेवून बाजार करत फिरू नका. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते, प्लास्टिकची डिस्क वाकते, आणि वाकलेली डिस्क डोळ्यांना दिसत नाही, कन्सोलला कळते.

बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर पूर्ण पैसे आधी, हाच या व्यवहारातला रिवाज आहे. त्याची भीतीही खरी असते, म्हणून त्याला व्हिडिओ कॉलवर डिस्क घालून गेम सुरू झालेला दाखवा, मग पैसे घ्या, त्याच दिवशी पाठवा आणि पावतीचा फोटो टाका. पॅकिंग असं करा: डिस्क डबीत बसवून मधल्या बटणावर मऊ टिश्यूची छोटी घडी ठेवा, म्हणजे हिसक्यानं डिस्क सुटून डबीत खुळखुळणार नाही. डिस्कला चिकटपट्टी कधीच लावू नका. डबीला बबल रॅपचे दोन वेढे, दोन्ही बाजूंनी खोक्याचा जाड पुठ्ठा, वर प्लास्टिकची पिशवी, मग ब्राऊन टेप. पत्ता आतही एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. हे सगळं करताना मोबाइल उभा करून न थांबवता एकच व्हिडिओ काढा, डिस्कच्या ओरखड्यांपासून पाकीट बंद होईपर्यंत. एका डिस्कचं पार्सल पॅकिंगसकट अडीचशे ग्रॅमच्या आत बसतं. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळली आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टच सांगा. पावतीवरचा तेरा अक्षरी नंबर गिऱ्हाइकाला पाठवा. टपालखर्च किमतीवर वेगळा सांगा, आणि दोन डिस्क घेतल्या तर खर्च एकदाच लागेल हेही सांगा. त्यानं दुसरी डिस्क बऱ्याचदा विकली जाते.

डिस्क संपत आल्या की पीएस४. त्याआधी मुलाला फोन करून विचारा, खेळलेलं काही ठेवायचंय का. ठेवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंटमधून पेन ड्राइव्हवर कॉपी होतं. ते पुढे त्याच्याच अकाउंटवर चालतं. मग अकाउंट मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'प्रायमरी पीएस४' डीअ‍ॅक्टिव्हेट करा, आणि शेवटी इनिशियलायझेशनमधून 'फुल' निवडून सगळं पुसा. हे काही तास चालतं आणि मधे वीज गेली तर बिघडू शकतं, म्हणून इन्व्हर्टरवर किंवा रात्री करा. गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा असेल तर पुसण्याआधी चालू दाखवा, बयाणा घ्या, मग पुसा. कंट्रोलर, पॉवर केबल, एचडीएमआय केबल आणि चार्जिंगची केबल सोबत द्या, खोकं असेल तर तेही. मागच्या बाजूचा सिरीयल नंबर लिहून ठेवा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्या.

आणि सहा हजारवाल्याला आज संध्याकाळी एवढंच कळवा: "पीएस४ आत्ता विकायचा नाही. गेम वेगवेगळे देतेय, प्रत्येकाची किंमत दोन दिवसांत टाकते. त्यातला कुठला हवा ते सांगा."